मानेचा होकार

४ जून

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

काल निकाल मिळाला. फ्रेमचं दुकान तुझ्या दिरांचं झालं. भागीदारी मी राजीखुशीने सोडली, असं ते म्हणाले आणि कोर्टाने मानलं. का, तर विचारल्यावर मी मान हलवली! न्यायाधीश फायलीत तोंड घालून विचारत होते. ओठच दिसेनात, तर मी वाचू काय? काहीतरी बोलतायत एवढं कळलं, म्हणून हलवली. खुणांच्या भाषेचा दुभाषी लेखी मागितला होता, तोही दिला नाही.

एकदाच त्यांनी तोंड वर केलं आणि कारकुनाला म्हणाले, या बहिऱ्यापायी वेळ घालवायला नको, याचं काय करायचं ते ठरलंय. ते मी वाचलं. वकीलबाई म्हणतात, अपिलात पक्षपाताचा आरोप करायचा तर कानांनी ऐकणारं कोणी हवं. तू मागच्या बाकावर होतीस. ऐकलंस?

लोभ आहेच, उत्तर लवकर दे.
तुझा धाकटा

११ जून

चि. धाकट्यास अ. उ. आशीर्वाद.

रागात तुझं अक्षर फारच बिघडतं बाबा.

ऐकलं. शब्द न् शब्द. पण प्रतिज्ञापत्र द्यायचं म्हणजे याच घरात राहून दिराविरुद्ध उभं राहायचं. यांना विचारलं, तर म्हणाले, ऐकलं नाही म्हणून भागतंय, तर ऐकलं कशाला म्हणतेस? माझा पाय निघत नाही रे. थोडं थांब.

माया पातळ करू नकोस.
ताई

१५ जून

ती. ताईस सा. न.

तुझा संसार उसवून मला दुकान नको. तो मुद्दा वगळायला सांगतो.

तुझाच
धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

वगळू नकोस. प्रतिज्ञापत्र देऊन आले.

परवा जेवताना दिरांनी कोर्टातली तुझी नक्कल केली. मान हलवून दाखवली. सगळे हसले, हेसुद्धा. मी वाढता वाढता भांडं खाली ठेवलं. सकाळी उठून वकीलबाईंकडे गेले.

काळजी करू नकोस, म्हणजे माझी निम्मी कमी होईल.
ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

जिंकलो, पण अर्धंच. त्यांचे वकील म्हणाले, बहीण भावाचीच बाजू घेणार. मोठ्या न्यायाधीशांनी विचारलं, बाई राहतात कोणाच्या घरात? उत्तर ऐकल्यावर ते वकील खाली बसले. दुभाष्याशिवाय झालेली सुनावणी ही सुनावणीच नव्हे, म्हणून निकाल रद्द. तुझी साक्ष बाजूला सारता येत नाही, म्हणून खटला आता दुसऱ्या न्यायाधीशांपुढे नव्याने चालेल. दुकान मिळेल न मिळेल, माझं म्हणणं तरी विचारतील.

तू कशी आहेस, हे मात्र लिहीत नाहीस. माझ्याकडची एक खोली रिकामीच आहे.

वाट पाहणारा
धाकटा

९ सप्टेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

खोली झाडून ठेव, पण इतक्यात येत नाही. दिरांनी चूल वेगळी मांडली. हे जूनपासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. काल जेवण झाल्यावर ताटावरून उठेनात. मग खाली बघत म्हणाले, नव्या तारखेला मीही येतो, तुझ्या शेजारी बसतो.

मी ताट उचललं आणि आत जाऊन पोटभर रडले.

असाच जीव लावत राहा.
ताई