अ उमटत नाही

२ मे
नव्या लॅपटॉपचा तिसराच दिवस. सकाळी चालतं, दुपारी नाही. 'डी'चं बटण. मराठीत टाइप करताना 'अ' याच बटणावर आहे आणि अक्षराचा पाय मोडायचं चिन्हही याच्यावरच. बटण मेलं की अ गेला, जोडाक्षरंही गेली. बाकी सगळी बटणं ठणठणीत.
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घेतला. मामी म्हणाली होती, आखाजीले घेतलेली वस्तू टिकते. दोन दिवस टिकली.
गंमत म्हणून स्वतःचं नाव टाइप केलं. अक्षय. क्षला वेगळं बटण आहे, ते उमटलं. स्क्रीनवर आलं: क्षय. मामीला दाखवलं. हसली नाही. "पुस ते आधी," म्हणे.

३ मे
मामाला सांगितलं नाही. तो शाळेत क्लार्क. शाळेला यंदा पन्नास वर्षं होतात, स्मरणिका काढताहेत. जुन्या विद्यार्थ्यांनी हातानं लिहून पाठवलेल्या आठवणींचा हा जाड गठ्ठा. तो टाइप करून २५ तारखेला छापखान्यात द्यायचा. काम मामानं मला मिळवून दिलं. नीट झालं तर जूनपासून शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत मला बसवतील.
मामा हेडसरांशी बोलला तेव्हा मी दारात उभा होतो. "भाचा आहे माहा. या टायमाले पयत नाही. शब्द देतो."
या टायमाले. सुरतहून पळालो, पुण्याहून पळालो, नाशिकला तर तिसऱ्याच दिवशी. पळालो म्हणजे निघालो. पण या घरात त्याला पळणंच म्हणतात.

६ मे
सात दिवसांत खामगावचा दुकानदार बदलून देतो. उद्या सातवा. आज निघालो खामगावला, बॅग पाठीवर. नांदुऱ्याच्या स्टँडवर गण्या भेटला. सुरतला एका खोलीत होतो आम्ही. "शेगावले चाल बे, दर्शन घेऊ, कचोरी खाऊ. खामगाव काय, तिथूनच जवळ आहे."
गेलो. बॅग बाहेर जमा केली. रांग लांब. कचोरीला पुन्हा रांग. मग गण्याच्या गाडीला उशीर, म्हणून स्टेशनवर त्याच्यासोबत बसलो. सुरतच्या नव्या खोलीबद्दल सांगत होता. चोवीस तास पाणी आहे म्हणे, आणि एक पलंग रिकामा आहे. ऐकण्यात सहा वाजले.
खामगाव राहिलं. उद्या जातो.

७ मे
दुकानाला कुलूप. बुधवार बंद. पाटीवर लिहिलंय. माझ्या बिलावर पण लिहिलंय.

८ मे
"आठवा दिवस आहे, भाऊ."
"काल बंद होतं तुमचं."
"परवा चालू होतं."
परवा मी कचोरी खात होतो. आता बदली नाही, दुरुस्ती. सर्व्हिस सेंटर अकोल्याला.

१२ मे
अकोला. टोकन घेतलं, दोन तास बसलो. आत एसी, खुर्च्या गार. काउंटरवरची मॅडम माझ्याच वयाची. तिनं डी दाबून धरलं. ओळभर डी डी डी. मराठी लावून दिलं तर अ अ अ अ. एकही सुटला नाही.
"चालू आहे की."
"घरी नाही चालत."
"मग घरी काय वेगळं आहे?"
खरंच काय वेगळं आहे.
कागद दिला हातात: दोष आढळला नाही. बसमध्ये त्याची घडी घालत होतो, उघडत होतो. लॅपटॉपमध्ये नाही तर मग कोणात आढळला?

१४ मे
कळलं! ऊन आहे. माझी खोली माडीवर, पत्र्याची. दहानंतर लॅपटॉप हातात धरवत नाही, तेव्हा डी मरतं. खाली माठाजवळ आणला की वीसेक मिनिटांत जिवंत. वर नेला, मेला. खाली, जिवंत. चारदा केलं.
मामी पाहत होती. "अन् मंग खालीच बस ना. काऊन वर-खाली करून राह्यला?"
बरोबर आहे.
पण खाली मामाचे लोक येतात-जातात, विचारतात काय करतो, मग मी सांगत बसतो. पहाटे पाच ते नऊ वर करायचं ठरवलं.

१५ मे
सात पानं. एका बाईनं शाळेमागच्या बोरीवर चार पानं लिहिलीत. टाइप करता करता बोर बघायला गेलो. बोर नाही. तिथं आता मुतारी. परत आलो तोवर पत्रा तापला होता.

१६ मे
नांदुऱ्याहून बाहेरून जोडायचा कीबोर्ड आणला. जोडला, चालला, मी उड्या मारल्या. संध्याकाळी बंद. त्यानं नाही, लॅपटॉपच्या खोबणीनं दगा दिला. वायर बोटानं दाबून धरली तर चालतं. एका हातानं दाबायचं, एका हातानं टाइप करायचं. दुसरी खोबण पहिल्या दिवसापासून मेलेली, हे आज कळलं.
नवीन वस्तू. अजून वास पण गेला नाही तिचा.

१७ मे
अ येतो तेव्हा येतो. थांबत नाही आता, पुढं जातो. सुटलेले अ शेवटी एकदम भरीन. जोडाक्षर मोडलं की डोळ्याला लगेच टोचतं, ते भरतो. अ गेलेला टोचत नाही.
मामानं पहिली पंचवीस पानं मागितली, शाळेच्या अध्यक्षांना दाखवायला. फोनवर पाठवून दिली.

१९ मे
लिहवत नाही. तरी.
अध्यक्षांचे वडील म्हणजे शाळा काढणारे गुरुजी. एका म्हाताऱ्या विद्यार्थ्यानं लिहिलं होतं: गुरुजींनी कधी कुणाचं अहित केलं नाही.
माझ्या पानावर: गुरुजींनी कधी कुणाचं हित केलं नाही.
अध्यक्षांनी मामाला ते वाचायला लावलं. उभं करून, मोठ्यानं, हेडसरांसमोर. मामानं वाचलं.
घरी आला, चप्पल काढली, जेवला. हात धुवून आला तेव्हा बोललो मी, सगळं सांगितलं, डी, ऊन, खोबण.
"बटनानं केलं?"
"हो मामा."
"पंचवीस पानं बटन करत होतं. अन् तू काय करत होता?"
मामी म्हणाली, "जेवू तरी द्या त्याले." मामा म्हणाला, "मी कुठं धरलं त्याचं ताट?"
परत वाचली असती पानं तर सापडलं असतं. वाचली नाहीत. हे बटणावर ढकलता येत नाही.

२० मे
मामानं पुन्हा शब्द दिला म्हणे. २५ लाच देतो, एकही चूक नाही. मामीनं सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाही. पाणी मागायचं तर मामीला हाक मारतो, मी शेजारी बसलेलो असतो तरी.
एकूण सत्तर पानं झाली. साठेक राहिली. आज स्क्रीनवर मधोमध एक आडवी रेघ आली. पांढरी. तिच्याखालचं वाचायचं तर वरखाली सरकवावं लागतं.

२१ मे
तीन पानं. दुपारी पूर्ण काळं. पुन्हा सुरू केला तेव्हा रेघा दोन.
उद्या अकोला. या वेळी असा नेणार की दोष आढळलाच पाहिजे. गठ्ठा सोबत नेतो, मूळ आणि टाइप केलेलं शेजारी ठेवून दाखवतो. मामा शाळेत गेल्यावर निघेन.

२२ मे, अकोला
सर्व्हिस सेंटरच्या दारात वॉचमनचं स्टूल होतं, उन्हात. त्यावर चालू लॅपटॉप ठेवला. अर्धा तास. मी सावलीत. मग पळत आत, गार व्हायच्या आधी काउंटरवर.
मॅडमनं डी दाबलं. नाही. पुन्हा. नाही. रेघा तीन.
"आता दिसलं," म्हणाली. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही लिहीत. मी गठ्ठा काढला, फोनवर माझी ती ओळ दाखवली. तिनं वाचलं, हसली, मग मूळ कागद वाचला आणि हसायची थांबली. "कोण होते हे?" सांगितलं. "अरे देवा," म्हणाली.
मग तिनं लॅपटॉप उचलला आणि एकदम खाली ठेवला. "एवढा गरम? उन्हात ठेवला होता?"
"नाही."
मागून वॉचमन: "ठेवला होता ना, माह्या स्टुलावर. म्या राखलाही."
बिचारा. त्याला वाटलं माझ्या बाजूनं बोलतोय.
तिनं कागदावर लिहिलं: अति उष्णतेत वापर. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडं सगळंच अति उष्णतेत वापरतात. ती म्हणाली, मला कळतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते मला लिहावं लागतं. वॉरंटीत बसतं का ते कंपनी ठरवेल. आठ-दहा दिवस. बोर्ड बदलला तर आतलं सगळं जाईल, इथं सही करा.
सही केली. बाहेर आल्यावर लक्षात आलं की पाठवलेली पंचवीस पानं सोडली तर बाकीची आतच आहेत. परत गेलो. मागच्या खोलीत नेऊन खोलला होता. तो चालू होत नाहीये आता, म्हणाली.

२२ मे, बसमध्ये
मलकापूर गाडी. हात हलतोय, अक्षर वाकडं येणार.
बाळापूरच्या पुढं मामाचा फोन. तीन दिवसांनी माझ्याशी बोलला.
"गठ्ठा कुठं आहे?"
"माझ्याजवळ."
"तू कुठं आहे?"
"अकोल्याहून निघालो."
"खोली रिकामी, बॅग नाही, गठ्ठा नाही. पयाला का बे?"
"नाही मामा. दुरुस्तीला आलो होतो."
"झाला?"
"ठेवून घेतला."
मागं शाळेची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
"मंग मी काय सांगू त्याईले?"
गाडीचा आवाज त्याला ऐकू जात असेल. त्यानंच फोन ठेवला.

गठ्ठा मांडीवर आहे. चाळीस जणांचं अक्षर. तीन दिवस हातात आहेत, लॅपटॉप नाही. शाळेच्या कॉम्प्युटरवर बसायचं तर अध्यक्षांसमोर उभं राहून मागावं लागेल, मामाला परत मध्ये घालून. हातानं लिहिलेलंच पाठवता येतं छापखान्यात? माहीत नाही. मामानं सांगितलं असतं. विचारलं नाही.
ही गाडी आमच्या वडनेरला थांबते, तिथून घर. न उतरलं तर पुढं मलकापूर. मलकापूरहून सुरतची गाडी मिळते.

खामगाव गेलं. नांदुरा येतंय. अकोल्यापासूनच्या गर्दीत कंडक्टर माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता, आता येतोय.

आला. "कुठं?"
म्हटलं, पुढचे करून या, सुट्टे काढतो.
सुट्टे हातातच होते.