तिसऱ्या प्रोग्रामची ओळ

राजापेठ, अमरावती

व्याही सुगतराव यांस बुधाजीचा आदराचा जय भीम. तुमचा गुडघा आता बरा असेल आणि विहीणबाईंची शुगर ताब्यात असेल असे धरून चालतो. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून, आणि माझ्यामुळे तुमची लेक, म्हणजे आमची सून प्रणाली सोडून. घाबरू नका. (मी घाबरलोच आहे, दोन्ही घरांना तेवढे पुरे.)

तुमची लेक आमच्या घरी बसून परदेशातल्या एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमचे, म्हणजे थोरल्या कॉम्प्युटरचे काम करते, हे तुम्ही जाणताच. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवायचा, त्याला कंपाइल करणे म्हणतात. परवा तिने तीन प्रोग्राम एकाखाली एक ठेवून एकदमच कंपाइल करायला घेतले. प्रत्येकाच्या डोक्यावर एक ओळ. कसे उतरवायचे ते त्या ओळीत सांगायचे, त्याला ऑप्शन म्हणतात. मी शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होतो. (सातवीपर्यंतच शिकलो, पण नजर शाबूत आहे.) पाहतो तर पहिल्याची आणि तिसऱ्याची ओळ सारखीच! दुसऱ्याची तेवढी वेगळी. मोठ्या आकड्यांचे पुढचे अंक छाटायला सांगणारी. आता मी जन्मभर लग्नाच्या पंगती वाढल्या. पंगतीच्या तोंडाशी एकदा सांगितले की ते शेवटपर्यंत चालते. मधला पाहुणा जिलेबी नको म्हणाला तर ते त्याच्याच पत्रावळीपुरते, पुढच्याला जिलेबी पडतेच. मी म्हटले, “पोरी, तिसऱ्याले पुन्हा कावून सांगून राहिली? काढ ते.” इतके डोके खाल्ले, की “घ्या मामाजी, काढली,” म्हणून तिने ओळ उडवली. मला गप्प करायलाच हो, लगेच परत टाकणार होती. तेवढ्यात माझ्या छातीत धडधडले. सगळे सोडून तिने मला स्कूटीवर डॉक्टरकडे नेले. (गॅस निघाला.) परत येऊन घाईघाईत तिने ते काम तसेच यंत्राकडे धाडले.

सुगतराव, त्या यंत्राची रीत अशी, की ज्याच्या डोक्यावर स्वतःची ओळ नाही त्याला लगतच्या वरच्याची लागू. दुसऱ्याचे छाटणे तिसऱ्यालाही लागले आणि विम्याचे मोठमोठे आकडे मुंडके उडवून बाहेर पडले. चाचणीतच सापडले म्हणून वाचलो. तरी साहेबाने हुकूम काढला: घरून काम बंद, पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा. प्रणालीने साहेबापुढे माझे नावही घेतले नाही. मला एवढेच म्हणाली, “मामाजी, पंगतीत वाढणारा तोंड पाहून वाढते. हे यंत्र नाही पाहात.” तुमची विहीण चतुराबाई मात्र सोडते थोडीच! “तुमचा गॅस पोरीच्या नोकरीले लागला,” असे येता-जाता ऐकवते. खरेच आहे. मी शेंगाच सोलत बसलो असतो तर काय बिघडले असते?

तुमचा,
बुधाजी

ता. क. आमचा धम्मदीप नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत मास्तर, तो काही बायकोबरोबर पुण्याला जाऊ शकत नाही. पण प्रणाली नोकरीच सोडायला निघाली आहे. म्हणते, मामाजींना पुन्हा धडधडले तर नेणार कोण? मी ठणठणीत आहे हे माझ्या तोंडून तिला पटत नाही. तुम्ही बाप आहात, फोन करून जरा दरडावून सांगा, “जाय पुण्याले.”

ता. क. दुसरा: एकदाच सांगा. नाहीच ऐकले तर फार ताणू नका.