ढब आणि टक

५ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

आम्ही दोघंही धडधाकट आहोत, आजारी आहे ते आमचं बोलणं. या घरात येऊन दोन वर्षं झाली, आणि मी पाच वाक्यं बोलले तर हे एकाचं उत्तर देतात. घर माझ्या हट्टापायी घेतलं, त्याचा राग असावा. मीही आता बोलणं कमीच केलंय. म्हटलं, निदान मिळून एखादं काम करावं. तळघराच्या भिंती बोर्ड लावून छान रंगवलेल्या आहेत, तिथे पुस्तकांसाठी फळ्या लावायच्यात. तू केलंस ना तुझ्याकडे? कसं ते कळव.

तुझी चिमणी

१२ नोव्हेंबर

चि. चिमणीस, अ. उ. आ. (लागतील तेवढे घे.)

रंगाला भुलू नकोस. ती भिंत नव्हे, भिंतीचा सदरा. बोर्डामागे पोकळी, पोकळीत हाता-हातावर उभे लाकडी खांब, खरी भिंत त्यांच्याही मागे. स्क्रू खांबातच गेला पाहिजे. ज्याच्या आधारानं क्रिया घडते त्याला व्याकरणात अधिकरण म्हणतात; पोकळीला तो मान नाही. बोट वाकवून ठोकत जायचं: ढब म्हणजे पोकळी, टक म्हणजे खांब. ठोकायला मेहुणेबुवांना लाव, रागाला वाट मिळेल.

फळी टिकली तर गुरू थोर, पडली तर शिष्य कच्चा, एवढं ठरवून लोभ ठेव.

दादा

१९ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

यांनी रविवारी अख्खी भिंत तीनदा ठोकली आणि जाहीर केलं की तुझं व्याकरण चुकलंय, सगळीकडे एकच आवाज येतो. मग अंदाजानं चार स्क्रू मारले. चारही पोकळीत. मी ठोकलं तर ढब-टक अगदी स्वच्छ! यांच्या मागे उभी राहून म्हटलं, अहो, खांब इथे आहे. हे हललेसुद्धा नाहीत. मी चिडून समोर गेले, तर यांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. तू काही म्हणालीस का, असं विचारत होते. दादा, दोन वर्षं मी ज्याला राग समजत होते ते... पुढचं लिहवत नाही.

चिमणी

२५ नोव्हेंबर

चि. चिमणीस, अ. उ. आ.

मी लिहितो: मेहुणेबुवांना ऐकू कमी येतं. कानाच्या डॉक्टरांकडे ने, मग भोकं बुजव, क्रम हाच. मला मात्र एक कुतूहल आहे. त्यांच्या गप्प बसण्यावर तू रागाचं भाष्य रचलंस. तुझ्या गप्प बसण्यावर त्यांनी कोणतं रचलं? समोर बसून, तोंड दिसेल असं विचार. भाष्यकार दोन आणि मूळ ग्रंथ कुणीच वाचलेला नाही, असा प्रकार दिसतो.

उत्तरासाठी रोज पोस्टमनला छळणारा,
दादा

९ डिसेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

कानात यंत्र आलंय. आमचा फ्रिज गुणगुणतो हा यांचा ताजा शोध. दोन फळ्या लागल्या. ठोकणं माझं, स्क्रू यांचे.

तुझा प्रश्न विचारला. म्हणाले, घर तुझ्या मनातून उतरलं आणि हट्टानं घेतलेलं म्हणून कबूल करवत नाही, असं वाटलं. मी म्हटलं, मग मलाच का नाही विचारलंत? तर म्हणाले, विचारलं होतं. तू उत्तरही दिलंस. मला ते ऐकू आलं नाही, आणि परत विचारायची लाज वाटली.

तळघरातून हाक येतेय. ओ द्यायला जाते.

तुझी चिमणी