सान मार्चेल्लोच्या तबेल्यात

६ जानेवारी

नेल्लोचा दात पडला. माझ्याच बुक्कीने! बारमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "पेरुजाचं लॉ कॉलेज सोडून आलास – माझ्या बहिणीमागे शेपूट हलवायला!" खरं बोलला म्हणूनच मारलं.

आमचे फादर ओरेस्ते म्हणाले – "सान मार्चेल्लोच्या गावात शिक्षा एकच. ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. नऊ दिवस ज्याला मारलं त्याचा तबेला साफ करायचा. त्या घरातल्या कुणाशीही शब्द नाही, चिठ्ठी नाही, खाणाखुणा नाहीत. सोळाला, संत मार्चेल्लोच्या सणाच्या दिवशी, त्याने खेचराचा लगाम हातात दिला की माफी. नाहीतर चर्चच्या दाराबाहेर.

एर्सिलियाला मागणी घालायची तर तिच्या भावाकडून लगाम मिळायलाच हवा.

७ जानेवारी

पाठ मोडली. नेल्लो दारात उभा – "वकीलसाहेब, कोपऱ्यात लीद राहिली हं!" पडलेल्या दाताच्या फटीतून शीळ वाजते मेल्याची.

१० जानेवारी

आमचा सान मार्चेल्लो एवढा मोठा पोप, पण याच्यापायी सतराशे वर्षांनी आम्ही लीद उपसतोय! छळाला भिऊन धर्म नाकारलेले परत आले, तर हा म्हणाला – आधी प्रायश्चित्त. दंगली झाल्या. रोमच्या बादशहाने म्हणे तबेल्यात जुंपला, तिथेच मेला.

तापटच असणार. हट्टी तर नक्कीच.

११ जानेवारी

हात उचलत नाही. झोपतो.

१३ जानेवारी

एर्सिलियाने घेवड्याचं सूप आणलं. माझ्याशी नाही, खेचराशी बोलली – "याला सांग रे, गार होतंय. आणि दाढी कर म्हणावं." हसू दाबताना खोकलो. खोकला चालतो का? विचारायचं तरी कुणाला!

१४ जानेवारी

आज ती खेचराशी बोलली नाही. थेट माझ्याशी.

"पेरुजाला नर्सिंगला जागा मिळालीय. बाबा नको म्हणतात. मलाही धीर होत नाही. तू थांब म्हणालास तर थांबते. उद्या दुपारी बस आहे, त्याआधी येईन. एक शब्द बोल."

एकच शब्द! बोललो तर आठ दिवस पाण्यात. नेल्लोने बजावलंय – "तोंड उघडलंस की लगाम विसर." गप्प राहिलो तर ती काय समजेल? डोकं चालत नाही. फार दमलोय.

१५ जानेवारी

बोललो. "जा," म्हणालो. "आणि माझ्यासारखी अर्ध्यातून परत येऊ नकोस."

ती गेली. नेल्लो दारातच होता, सगळं ऐकलं त्याने. लगाम गेला.

मग त्यानेच फावडं उचललं आणि कोपऱ्यातली लीद काढली.