झऱ्याची बातमी कोणी फोडली?

तीर्थरूप आत्या,

तुझ्या धाकट्या भाच्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? डाव्या डोळ्यात घालायचे थेंब उजव्या डोळ्यात घालणं थांबवलंस का? इथे सगळे ठीक आहेत (बायको ठीक आहे, मुली ठीक आहेत, माझं काय ते पुढे येईलच). हे पत्र पोस्टाने न पाठवता दूधवाल्याच्या हाती देतो आहे, कारण पोस्टमन हल्ली माझ्याकडे बघून जरा जास्तच हसतो. पाकीट डिंकाने बंद करून वर चिकटपट्टी लावली आहे आणि पट्टीखाली माझ्या डोक्यावरचा एक केस ठेवला आहे. केस जागेवर नसेल तर पत्र वाटेत कुणीतरी उघडलं असं खुशाल समज. (दूधवाल्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी केस असू दे.)

आता मूळ गोष्ट. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझा संशय कसकसा फिरला ते ध्यानात येईल. आपल्या जमातीबद्दल लिहायला बाहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आली. यायची, दोन दिवस राहायची, म्हाताऱ्यांच्या हातांवरच्या सुरकुत्यांचे फोटो काढायची आणि परत जाऊन लिहायची की ही निरागस माणसं आता नामशेष होत चालली आहेत. (असं पहिल्यांदा छापून आलं त्या वर्षी आपल्याकडे चौदा मुलं जन्मली होती.) म्हणून सहा वर्षांपूर्वी आपण आपलं साप्ताहिक काढलं. चार पानं, टायरच्या दुकानावरची खोली आणि धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारं छपाईचं यंत्र. बाहेरच्यांनी केलं ते आपण करायचं नाही म्हणून मी स्वतः बसून अकरा नियम लिहिले आणि भिंतीला लावले. बातमी ज्याची, त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची. त्याने होकाराची सही केली तरच छापायची. यंत्र सुरू होईपर्यंत त्याला शब्द मागे घेता येतात. जमातीने मिळून जपलेल्या जागांचा ठावठिकाणा कधीच द्यायचा नाही. बातमीतल्या माणसाशी बातमीदाराचं नातं काय, ते खाली लिहायचं. आणि सातवा नियम, ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, तो असा की जवळच्या नात्यातल्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, म्हणजे घरच्यांचीच आरती ओवाळली असं कुणी म्हणायला नको.

नियम कागदावर देखणे दिसतात गं, पण आपली वस्ती केवढी आणि नाती केवढी! मागे पाण्याचा नळ फुटला त्याची बातमी अकरा ओळींची झाली आणि खाली नात्यांची यादी एकोणीस ओळींची. (नळ फोडणारा माझा चुलत साडू, नळ जोडणारा वहिनीचा मामेभाऊ, आणि पाणी ज्यांच्या घरात शिरलं ते माझे सासरे. ते त्या बातमीवर अजून नाराज आहेत, कारण त्यांना ‘संबंधित’ म्हटलं होतं.) तरीही सहा वर्षं आम्ही एकही नियम मोडला नाही. गावाने डोळे मिटून विश्वास टाकावा असा पेपर होता तो.

आणि तीन आठवड्यांपूर्वी शहरातल्या त्या मोठ्या दैनिकाने आपण जपलेला झरा छापला. रंगीत अर्धं पान, ‘डोंगरातलं गुपित’ असा मथळा, आणि खाली नकाशा! दुभंगलेल्या खडकापासून डावीकडे किती पावलं, तेसुद्धा. दुसऱ्याच रविवारी तिथे साठ-सत्तर माणसं बूट घालून उतरली. एकाने कुत्र्याला आंघोळ घातली. वडीलधाऱ्यांची बैठक तातडीने बसली आणि मला उभं करून विचारलं की आपल्यातल्या कुणी सांगितल्याशिवाय ही वाट बाहेर गेली कशी? बातम्या गोळा करायच्या म्हणून तुम्ही लोक घरोघरी हिंडता, तुमच्याच खोलीतून ती गेली असणार. मुदत दिली ती या शनिवारपर्यंतची. तोवर फितूर कोण ते सांगायचं, नाहीतर पेपर बंद आणि यंत्र भंगारात. आत्या, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सहा वर्षं मी त्या खोलीत घरापेक्षा जास्त वेळ काढला आहे, आणि त्या खोलीबाहेर माझी ओळख म्हणशील तर दोन मुलींचा विसरभोळा बाप, एवढीच.

आता आमच्या खोलीत माणसं तीन. मी, चुका तपासणारी वहिनी, आणि फोटो काढणारा माझा मेहुणा, ज्याला सगळे फोकस म्हणतात. मी नव्हतो. वहिनीने सहा वर्षांत कुणाचा स्वल्पविरामसुद्धा बाहेर जाऊ दिलेला नाही. मग उरलं कोण? शिवाय फोकस दर मंगळवारी चार वाजता काही न सांगता नाहीसा व्हायचा, जिन्यात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायचा आणि मी जवळ गेलो की तोंडावर हात ठेवायचा. इथे पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? मी एका मंगळवारी त्याचा पाठलाग केला. डोक्यावर सासऱ्यांची टोपी, हातात उघडी छत्री (ऊन होतं, पण छत्रीआड चेहरा लपतो). तो एका इमारतीत शिरला, दुसऱ्या मजल्यावर गेला, मीही गेलो आणि एक मासिक तोंडासमोर धरून कोपऱ्यात बसलो. पाचच मिनिटांत एका बाईने मला दंडाला धरून आत नेलं आणि खुर्चीत आडवं केलं. दातांचा दवाखाना होता तो! मी काही बोलणार तोवर डॉक्टरांनी सुई टोचली, आणि नंतर त्यांनी जे दाखवलं ते पाहता दाढ काढावी लागणारच होती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. बाहेर आलो तर समोर फोकस. पुढचा दात पडल्यामुळे तो बिचारा खोटा दात बसवून घेत होता आणि लाजेने कुणाला सांगत नव्हता. मी तिथे काय करतोय, असं त्याने विचारलं. माझं अर्धं तोंड बधिर होतं. मी जे काही सांगितलं त्यातून त्याने असा अर्थ काढला की मी त्याला सोबत करायला आलो आहे, आणि रस्त्यातच त्याचे डोळे भरून आले.

याने माझा संशय मिटला असेल असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखत नाहीस. माणूस दात बसवतो म्हणून फितुरी करत नाही असं थोडंच आहे? मग मी सापळा लावला. दोघांना दोन वेगवेगळ्या खोट्या बातम्या सांगायच्या आणि कुठली शहरातल्या पेपरात उगवते ते बघायचं. फोकसला सांगितलं की निवृत्त मास्तर एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा लग्न करतायत. वहिनीला सांगितलं की वस्तीतल्या दवाखान्यातली परिचारिका सरकारने दिलेलं पदक परत करणार आहे. अजून कुणालाही सांगू नका, असं दोघांनाही बजावलं. आठवडाभर मी शहरातलं दैनिक छोट्या जाहिरातींसकट वाचून काढलं. काही नाही. आठव्या दिवशी दोन्ही बातम्या माझ्याच टेबलावर येऊन पडल्या, होकाराच्या सह्यांसकट! दोघांनी नियमाप्रमाणे ज्याची बातमी त्याला वाचून दाखवली होती. (ज्याची बातमी, तो ‘कुणालाही’त मोडत नाही, असं वहिनीचं म्हणणं.) मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “छापा. फक्त बाईंचं नाव घालू नका, त्यांना मी अजून विचारलेलं नाही.” परिचारिका म्हणाली की हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, पदक तसंही पत्र्याचं आहे. दुसऱ्या दिवशी तिने ते खरोखरच परत पाठवलं. मास्तरांनी ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं आणि त्या विचार करते म्हणाल्या. म्हणजे मी रचलेल्या दोन खोट्या बातम्या आठवडाभरात खऱ्या झाल्या आणि ज्या झऱ्यासाठी हे सगळं केलं त्याचा पत्ताच नाही. त्या सह्या मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. इतक्या सरळ माणसांना फितूर ठरवायला निघालो होतो मी!

तर असं सगळं चाललं आहे. शनिवार तीन दिवसांवर आला आणि मला नाव सांगायचं आहे. तुझा अनुभव मोठा म्हणून सहज कळवावंसं वाटलं, बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला शेक देत जा. मुलींचा तुला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. आत्या, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण एक गोष्ट लिहिली नाही. त्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात असं आहे की ‘एका सात वर्षांच्या मुलाची चड्डी या झऱ्यात वाहून गेली, तो केळीचं पान गुंडाळून घरी आला, आणि आज तो मुलगा मोठा जबाबदार गृहस्थ आहे.’ ही गोष्ट जगात दोन माणसांना ठाऊक आहे. त्यातल्या एकाने ती कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. मी तो लेख पहिल्याच दिवशी वाचला होता. तीन आठवडे छत्री घेऊन फोकसच्या मागे फिरलो, दाढ घालवली, मास्तरांचं लग्न ठरवायला निघालो, ते फक्त तुझ्यावर संशय घ्यावा लागू नये म्हणून.

आणखी एक ता. क. मला तुझा राग आला होता. मग भिंतीवरचा सातवा नियम वाचला आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. अर्धी वस्ती तुला आत्या म्हणते आणि उरलेली अर्धी मावशी. सहा वर्षांत आमच्यापैकी कुणीही तुझ्याकडे वही घेऊन आलं नाही, कारण प्रत्येकजण तुझ्या नात्यातला. जिला सगळ्यात जास्त माहीत आहे तिला विचारायला नातं नसलेला फक्त तो शहरातला माणूस उरला. तो दोन दिवस तुझ्या ओट्यावर बसला असणार, आणि तू बोललीस. आम्ही कधी बसलो? शनिवारी बैठकीत मी तुझं नाव घेणार नाही. झऱ्याची बातमी ज्या नियमामुळे फुटली तो मी लिहिला, म्हणून नाव माझं सांगणार आहे. पेपर राहिला तर राहिला.

शेवटचं. मला एवढंच कळव की छापण्याआधी त्याने तुला ते वाचून दाखवलं होतं का. वाट छापू नकोस असं तू त्याला म्हणाली असशील आणि त्याने तरी नकाशा छापला असेल, तर ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. आणि तूच वाट छापू दिली असशील, तर तेही सांग. उद्या दुपारी मी वही घेऊन येतो. नियम मोडून येतो. तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग, मी सगळं लिहून घेईन आणि तुला वाचून दाखवीन. नको म्हणालीस तर पानं तुझ्यापाशीच ठेवून परत येईन. छापायला नाही मिळालं तरी चालेल, आत्या, पण ऐकायला मला आधीच यायला हवं होतं.