ताईची चांदी

जांभळपाडा, तोरणमाळ
३ ऑक्टोबर २०२५

ती. गोवालदादास,
योगिताचा सा. नमस्कार. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू मला गप्प करतोस. शिवाय रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, आणि तिथे उभं राहून रडलं की अख्ख्या पाड्याला ऐकू जातं.

आधी बरी बातमी. ताईची पोरगी आता हसायला लागलीय. आय तिला पाठीशी बांधून मका खुडते. बाचा खोकला तसाच आहे आणि बिडीही तशीच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा नर्सबाईंच्या रजिस्टरात मी ताईचं नाव शोधलं. मे महिन्यात तुमचं सर्वेक्षण आलं होतं ना, डोंगरातल्या आणि सपाटीवरच्या बायका-पोरांची वजनं, उंची, शिक्षण मोजायला? त्यातलंच वजन दवाखान्याने उतरवून घेतलंय. चेतना अजित, सहावा महिना, बेचाळीस किलो शंभर ग्रॅम. चाळीस किलोंच्या खालच्या बायकांना जोखमीच्या यादीत घालतात आणि दिवस भरायच्या आधी पंधरा दिवस गाडी पाठवून खाली दवाखान्यात नेऊन ठेवतात. ताई दोन किलोंनी वाचली, म्हणून यादीत आली नाही, म्हणून गाडी आली नाही. झोळीत घालून उतरवताना घाटाच्या तिसऱ्या वळणावर पोरीला जन्म देऊन ती गेली, ते तुला ठाऊकच आहे.

पण दादा, त्या दिवशी ताई काट्यावर उभी राहिली ती अंगावरच्या सगळ्या चांदीसकट. गळ्यातली हासळी, दंडातल्या वाक्या, पायातली कडी. आपल्याकडे नवरा जिवंत असताना बाई चांदी उतरवत नाही, हे तुला मी काय सांगू! दुभाषी म्हणून मीच शेजारी उभी होते. पर्यवेक्षक धीरजला मी विचारलंसुद्धा, चांदीचं काय? तो म्हणाला, राहू दे, मी नंतर वजा करतो.

दाजींनी ताईची चांदी आयकडे आणून दिलीय. काल ती पिशवीत घालून मी शहाद्याला कांतीलाल शेठच्या पेढीवर गेले. शेठना वाटलं विकायला आणली. म्हटलं, विकायची नाही, फक्त मोजा आणि लिहून द्या. त्यांच्या सुनेने, एकताभाभीने, चिठ्ठी लिहून दिली आणि चहाही पाजला. दोन किलो सातशे ग्रॅम. आता तूच वजाबाकी कर.

मला त्या धीरजचा सूड घ्यायचाय. तू तिथे पुण्यात त्याच सर्वेक्षणाचे तक्ते करतोस, तेव्हा मार्ग तू सांग. नाहीतर मी माझा शोधीन.

कळावे. लोभ आहेच. राग त्याहून जास्त आहे.

तुझी,
योगिता


पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

चि. योगितास,
गोवालचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. बारावीला गणिताच्या पेपरातून पळून येणारी तू, आज मला वजाबाकी शिकवतेस. एकोणचाळीस किलो चारशे. केली मी.

तुझं बरोबर आहे. आमच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, जड दागिने उतरवावेत, नाहीतर वेगळे मोजून वजा करावेत. धीरजने ते केलं नाही. पण सूड वगैरे शब्द कागदावर लिहीत जाऊ नकोस. उद्या हेच पत्र कोणी पुढे केलं तर तुझीच बोलती बंद करतील.

एक गोष्ट मात्र तुला कळायलाच हवी. या आकड्यांवरून अहवाल लिहिला गेलाय की डोंगर आणि सपाटी यांच्यातली दरी बुजली. आपल्या बायका आणि खाली सपाटीवर कळसाडीकडच्या बायका यांच्यात म्हणे फक्त अर्ध्या किलोचा फरक उरलाय. दरीच नाही, तर जादा गाडी कशाला आणि दवाखान्यातली ती खोली तरी कशाला? एप्रिलपासून दोन्ही बंद करायचं ठरतंय. म्हणून मी फेरमोजणीचा अर्ज टाकलाय. ती चिठ्ठी जपून ठेव आणि तिची नक्कल मला पाठव. बायकांना चांदी उतरवायला तयार कर. तेवढंच तुझ्या हातात आहे. बाकीचं माझ्यावर सोड आणि उगाच खोलात शिरू नकोस.

आय-बाला नमस्कार. पोरीला माझा पापा दे.

माया आहे तशी ठेव.

गोवाल


जांभळपाडा
२३ नोव्हेंबर २०२५

ती. गोवालदादास,
सा. नमस्कार.

बायकांना तयार कर म्हणे! तू ये आणि कर. मी घरोघर फिरले. प्रत्येकीने मला दारातून हाकललं. एकीने तर विचारलं, माझा नवरा मेला म्हणून सांगायला आलीस का? उघडा गळा म्हणजे रांडाव गळा, एवढंच त्यांना कळतं. त्यांचं तरी काय चुकलं? मीही लहानपणापासून तेच ऐकलंय.

आणि वर हे ऐक. तुमच्या यादीत आपली आय साक्षर आहे! मे महिन्यात धीरजने तिच्या हातात पेन देऊन मोतीबाई ही चार अक्षरं तासभर गिरवून घेतली होती. ती बिचारी खूश होऊन महिनाभर भिंतीवर कोळशाने नाव काढत होती. काल मी तिला त्यामागचं कारण सांगितलं. तिने भिंत सारवून टाकली.

मंगळवारी बाजारात धीरज मला सापडला. भज्यांच्या गाडीवर उभा होता. चार माणसांत विचारलं, माझ्या बहिणीच्या अंगावरची चांदी तू वजा केलीस का? आधी हसला, मग घामाघूम झाला. म्हणाला, मन्हा हातमा काय शे? साहेबांना चांगले आकडे हवे होते, मी दिले. मी तरी फक्त काटा धरला. पुण्यातल्या यंत्राने तर तुमच्या पाड्यापुढे लाल खूण केली होती, पाच वर्षांत एवढं वजन वाढेल कसं म्हणून. तिथेच कोणीतरी ती खूण काढून टाकली. त्याला जाऊन विचार.

दादा, तो माणूस तुझ्याच ऑफिसात बसतो. धीरज चोर आहे, पण हा त्याच्यापेक्षा मोठा. धीरज सपाटीवरचा, त्याला आपल्या चांदीचं काय? पण ज्याच्यापुढे लाल खूण आली आणि तरी ज्याला एक फोन करून विचारावंसं वाटलं नाही, त्याचं वाटोळं होवो. त्याच्या घरातली बाई अशीच वळणावर जावो, असं मी देवापुढे म्हटलंय. मला त्याचं नाव हवंय. फक्त नाव.

उत्तर लवकर दे. लोभाचं नंतर बघू.

योगिता


पुणे
१० डिसेंबर २०२५

चि. योगितास,
आशीर्वाद लिहायची लाज वाटते.

ती खूण मी काढली.

जूनमधली गोष्ट. पडद्यावर जांभळपाडा लाल झाला. मॅडमनी विचारलं, गोवाल, हे तुमचंच गाव ना, आकडे खरे वाटतात का? मी म्हणालो, खरे आहेत, मी तिथलाच आहे, आमच्या बायका आता खाऊन-पिऊन सुखी आहेत. खुणेपुढे शेरा लिहिला, स्थानिक माहितीवरून योग्य. खाली माझं नाव. त्या यादीत चेतनाचं नाव मी स्वतः वाचलं होतं. बेचाळीस किलो बघून आनंद झाला आणि ऑफिसात पेढे वाटले.

चांदीची आठवण मला झालीच नाही. सतरा वर्षं मी डोंगराबाहेर आहे. नाही, हेही पुरतं खरं नाही. इथे कोणी डोंगरातल्या कुपोषणाचं बोललं की सगळे माझ्याकडे बघतात. एकदा तरी त्यांनी वेगळ्या नजरेने बघावं असं मला वाटत होतं. म्हणून मी विचारलं नाही.

तुझा शाप लागायचा तो आधीच लागलाय. माझ्या घरातली बाई वळणावर गेली.

शेऱ्याबद्दलचं पत्र मी वर दिलंय. माझं काय होईल ते होवो. फेरमोजणी मंजूर आहे, ११ जानेवारीला. काटा धरायला धीरजच येईल, तसं मी मागून घेतलंय. मी यायचं की नाही ते तू ठरव.

गोवाल


जांभळपाडा
१४ जानेवारी २०२६

गोवालदादास,

तू येऊ नकोस असं मी कळवलं, ते बरंच केलं. आलास असतास तर माझा हात उठला असता. तुझं पत्र मी आयला वाचून दाखवलं. सगळं, पेढ्यांसकट. ती एवढंच म्हणाली, कुंपणानेच शेत खाल्लं. मग ती दोन दिवस जेवली नाही.

अकरा तारखेला शाळेसमोर काटा मांडला. वरचे दोन साहेब खुर्च्यांवर, धीरज खाली बसलेला. बायका लांब उभ्या, एकही पुढे येईना. साहेब घड्याळ बघायला लागले. तेव्हा आय पुढे झाली. तिची हासळी वर्षानुवर्षं न काढल्यामुळे घट्ट बसलेली, निघेना. बा उठला, खोकत खोकत आला आणि सगळ्यांसमोर त्याने स्वतःच्या हाताने ती तिच्या गळ्यातून काढली. मोठ्याने म्हणाला, बघून घ्या, हा रेंग्या जिता आहे आणि त्याची बायको उघड्या गळ्याने उभी आहे. कोणामुळे, तेही बघा.

ती हासळी आयने धीरजच्या हातात दिली. अपशकुनाची चांदी परक्या पुरुषाच्या हातात! ती त्याने मोजली, लिहिली, परत दिली. मग एकामागून एक एकतीस बायका आल्या. प्रत्येकीची चांदी त्याला धरायला लागली, आणि प्रत्येकीने ती परत घेताना त्याच्या डोळ्यांत बघितलं. विसाव्या बाईला तो रडायला लागला. मला जराही दया आली नाही. मी त्याला पुढचं नाव सांगितलं.

कळसाडीकडच्या बायकांपेक्षा आपल्या पावणेतीन किलोंनी हलक्या निघाल्या. चार गरोदर बायका यादीत आल्या. साहेबांनी तिथल्या तिथे गाडी आणि खोली चालू ठेवायचं लिहून दिलं. सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा आयने पेन बाजूला सारलं आणि अंगठा उठवला. धीरजला तिने सांगितलं, लिही, अडाणी.

तू केलेल्या अर्जामुळे हे झालं, ते मी मानते. पण तेवढ्याने फिटत नाही.

सोबतच्या डब्यात ताईची चांदी आहे. दोन किलो सातशे, चिठ्ठीही आत ठेवलीय. आयचा निरोप असा की तुझी नोकरी राहिली तर ही तुझ्या टेबलावर ठेव आणि नाही राहिली तर उशाशी ठेव. विकायची नाही, कपाटात लपवायची नाही. ही ताईच्या पोरीची आहे. ती अठरा वर्षांची झाली की न्यायला तुझ्याकडेच येईल. माझी चांदी तुझ्याकडे कशी, असं ती विचारेल. आम्ही तिला काही सांगणार नाही. तू सांगायचंस.

योगिता