सुनेच्या कामाबद्दल दिलेलं मत मागे घेण्याबाबत

मी, खाली डाव्या अंगठ्याची निशाणी करणारी, वय ब्याऐंशीच्या आसपास, धंदा कपड्यांना इस्त्री करणे, राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली न येता आणि चहाखेरीज दुसरं काही न पिता हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलते आणि दस्तलेखक लिहितात. मी बोलले तेच लिहायचं, अशी त्यांना ताकीद आहे. मघाशी त्यांनी 'सदर' हा शब्द चार ठिकाणी घातला होता. चारही काढायला लावले. साक्षीला शेजारचा शिंपी आणि तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई बसल्या आहेत.

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी सकाळीच दिला. तो बघून सून म्हणाली, "डोक्याचं झालं. जिभेचाही मिळतो का बघा."

मालक जाऊन चोवीस वर्षं झाली. मागे एक मुलगा आहे, तो शाळेची बस चालवतो. त्याची बायको, म्हणजे माझी सून, ती दुकान चालवते. त्यांची मुलगी, माझी नात, ती मला चालवते. याखेरीज कुणी वारस म्हणून उगवलं तर त्याला पाणी द्यावं आणि वाटेला लावावं.

कलम पहिलं. मागची खोली, त्यातला पलंग, कपाट आणि पोस्टात जे काही असेल ते मुलाला. तो दिवसाकाठी तीन वाक्यं बोलतो, त्यातली दोन हॉर्नची असतात. त्याच्याशी माझं कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला समोरून कुणीतरी बोलावं लागतं.

कलम दुसरं. कोळशाची जुनी पितळी इस्त्री. ही शेजारच्या शिंप्याला कैक वर्षं हवी होती आणि मी त्याला द्यायचं ठरवलंही होतं. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे, असं दस्तलेखक आत्ताच म्हणाले. ते ऐकून शिंप्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग थोड्या वेळाने पुन्हा उचललं. माणूस भला आहे. इस्त्री नातीला. दार वाऱ्याने आपटतं, तिथे लावावी.

कलम तिसरं. माझी मतं.

दस्तलेखक म्हणतात, मत ही मालमत्ता नव्हे. त्यांना म्हटलं, गल्लीत विचारून या. दुकानात फळीवर टीव्ही आहे. इस्त्रीच्या कामात हात अडकतात, डोळे मोकळे राहतात. चाळीस वर्षांत पडद्यावर जे काही हललं ते मी पाहिलं. कपडे न्यायला आलेलं माणूस पायरीवरूनच विचारायचं, "आजी, नवीन लागलाय तो कसा आहे?" आणि मला इस्त्रीखेरीज भाषा येत नाही. एखादा चित्रपट म्हणजे कॉलर कडक, पाठ चुरगळलेली. एखादी मालिका नुसतीच खळ, आत कापड नाही. नाक्यावरच्या थिएटरचा तिकीटवाला शनिवारी सकाळी एक शर्ट टाकायच्या निमित्ताने यायचा आणि आपला आठवडा कसा जाणार ते माझ्या तोंडावर बघून जायचा.

दोन वर्षांपूर्वी नातीने ही मतं फोनवर टिपून जगात सोडायला सुरुवात केली. गेल्या महिन्यात त्या हेराच्या चित्रपटाबद्दल बोलले. माणूस छपरांवरून उड्या मारत अर्धं शहर ओलांडतो आणि त्याच्या शर्टाची घडी मोडत नाही. हेर राहू द्या, मला त्याचा इस्त्रीवाला दाखवा. हे म्हणे लाखभर लोकांनी ऐकलं. परवा संपली ती दोन बहिणींची मालिका आठ भागांची होती. चार भागांच्या कापडात सहज बसली असती. पण धाकटी बहीण रडायच्या आधी नाक पुसते, रडून झाल्यावर नाही. तेवढ्यासाठी आठही भाग बघावेत. हे मत मी अजून धरून आहे.

ही सगळी मतं नातीला. तिने ठेवावीत, विकावीत, पुसावीत. अट एकच. मी गेल्यावर माझ्या आवाजात नवीन मत तयार करू नये. फोनला आता तेही येतं म्हणतात. मेलेल्या बाईला न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल बोलायला लावणं बरं दिसत नाही.

कलम चौथं. एक मत मात्र कुणाला द्यायचं नाही. ते परत घ्यायचं आहे.

अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या रस्त्यावरच्या जुन्या बंगल्यात एका मालिकेचं शूटिंग चालू होतं. त्यांचे कपडे इस्त्रीला आमच्याकडे यायचे. सून रोज सकाळी गठ्ठा पोचवायला जायची. एक दिवस दुपार करून आली.

"कुठे होतीस?"

"त्यांची एक बाई आली नाही. मला म्हणाले, उभी राहतेस का?"

"कशाला उभी?"

"काम करायला."

मी म्हटलं, "कामच करायचं तर इथे ढीग पडलाय."

पण ती उभी राहिली. तीन भागांत होती, एका साध्या घरातल्या बाईचं काम. तिसरा भाग लागला त्या दुपारी आमच्या जिन्यातली सगळी माणसं दुकानात जमली. भाग संपला, नावं खालून वर सरकायला लागली. सुनेने पडद्यावर बोट ठेवलं आणि नावाबरोबर वर वर नेलं. "आई, हे माझं नाव."

मला वाचता येत नाही. पण नाव वर निघून गेल्यावरही तिने बोट उचललं नाही, ते दिसत होतं. मी म्हटलं, "काचेला डाग पडतात."

सगळे हसले. मग नेहमीसारखे माझ्याकडे वळले, मत ऐकायला. मी म्हटलं, "कपडा बरा आहे. बाईच्या अंगावर बसत नाही." पुन्हा हसले. सूनही हसली. मग लगेच इस्त्री लावायला गेली. त्या दिवशी इस्त्रीला काही उरलं नव्हतं.

ते मत चुकीचं होतं. मला त्या दुपारी डुलकी लागली होती आणि भाग मी धड पाहिलाच नव्हता. न पाहता मत दिलं याची मला लाज वाटते. सुनेने माफ करावं.

कलम पाचवं. दुकान, दोन्ही टेबलं, विजेच्या दोन इस्त्र्या, गिऱ्हाइकं आणि त्यांच्या खोडी, हे सगळं सुनेला. कुणाचा कपडा कुठला हे ओळखायला मी रंगीत दोऱ्यांच्या खुणा घालते, कारण मला नावं लिहिता येत नाहीत. तिला लिहिता येतात. तरी पंचवीस वर्षं तिने माझेच दोरे चालवले, कधी बोलून दाखवलं नाही.

थांबा हो जरा. कलम चौथं परत काढा.

त्यात खोटं लिहिलं गेलंय. दस्तलेखक म्हणतात, खोडू आणि नवीन लिहू. खोडू नका. मरणाच्या कागदावरही ही बाई आधी खोटंच बोलली, हे दिसलं पाहिजे. खाली लिहा.

कलम सहावं. मला डुलकी लागली नव्हती. ती मी मागाहून रचली, आणि इतक्यांदा सांगितली की आज दाखल्यासकट शुद्धीत असतानाही तीच आधी तोंडातून बाहेर पडली. त्या दुपारी मी टक्क जागी होते. सुनेने काम चांगलं केलं होतं. इतकं चांगलं, की ते लोक हिला पुन्हा बोलावणार हे मला कळलं. माझे गुडघे तेव्हा गेलेच होते, मुलगा बसवर, नात शाळेत. ही त्या बंगल्यात गेली तर इस्त्री कोण धरणार, एवढंच डोक्यात होतं.

आणि मी तेवढ्यावर थांबले नाही. दहा-बारा दिवसांनी त्या मालिकेचा कपडेवाला आला. सून मागे पाणी भरत होती. तो म्हणाला, "आजी, पुढच्या मालिकेत तुमच्या सुनेला मोठं काम द्यायचं चाललंय. वर्षभराचं. तुम्ही एवढं बघता. तुम्हाला कशी वाटली?"

मी शर्टावरून नजर न उचलता म्हटलं, "पोर कष्टाळू आहे. पाठांतर नाही. सकाळच्या गिऱ्हाइकाचं नाव संध्याकाळी आठवत नाही तिला."

हे धडधडीत खोटं होतं. दोनशे घरं तिला तोंडपाठ आहेत. कुणाला कडक लागतं, कुणाला मऊ, कुणाचा कोणाशी अबोला आहे आणि कुणाचे कपडे कुणासमोर काढायचे नाहीत, सगळं. कपडेवाला म्हणाला, "बरं झालं विचारलं," आणि गठ्ठा उचलून गेला. सून बादली घेऊन पुढे आली. म्हणाली, "काही म्हणाला का?"

मी म्हटलं, "बटण तुटलंय म्हणाला."

कपड्याला चटका बसला तर इस्त्रीवाले काय करतात, ते सांगते. घडी अशी घालतात की डाग आत जातो, आणि गिऱ्हाइकाला कडक कॉलर दाखवतात. अकरा वर्षं मी तेच केलं. ती माझ्यापासून पाच हातांवर उभी असते. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगू. तिने चहाचा कप पुढे ठेवला की एखादा विनोद करून मोकळी व्हायचे. माझ्या विनोदांचं लोक कौतुक करतात. त्यातले निम्मे असे आहेत.

तर दुकान मी तिला बक्षीस म्हणून देत नाही. तिने चालवावं, विकावं किंवा कुलूप घालून किल्ली गटारात टाकावी. "सासूची आठवण आहे, बंद करू नकोस" असं कुणी तिला म्हणालं, तर त्याला हे कलम वाचून दाखवावं.

इथवर लिहून झाल्यावर सगळं मला मोठ्याने वाचून दाखवायचं असतं. मी दस्तलेखकांना म्हटलं, मधलं दार उघडं ठेवा. सून पुढे काम करत होती. कलम सहावं अर्धं झालं तेव्हा टेबलावरचा आवाज थांबला. पुढे जे झालं तेही लिहून घ्यायला सांगते आहे, म्हणजे मी त्यातही काही रचणार नाही.

ती दारात येऊन उभी राहिली. शिंपी उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली, "तुमची सही व्हायचीय." मग माझ्याकडे वळली. "तो माणूस परत आला नाही, तेव्हा मला वाटलं माझं काम वाईट झालं."

मी मांडीवरच्या पदराची घडी घातली.

"अकरा वर्षं तेच वाटतंय, आई. टीव्हीवर कुणी बाई दार उघडायला निघाली की मी चॅनल बदलते. तुम्ही म्हणायचात, हिला धड काही बघवत नाही."

"म्हणायचे."

"गिऱ्हाइकांसमोर."

"हो."

नर्सबाई म्हणाल्या, "मी पाणी आणते." पण त्या उठल्या नाहीत.

सून म्हणाली, "दुकानाचं नंतर बघू. माफीचंही नंतर बघू. काय पाहिलंत ते सांगा."

"आत्ता?"

"सगळ्या जगाची मतं सांगता. माझं सांगा."

कलम सातवं. ते असं. पोलीस दार वाजवतो. भाऊ गेल्याचं सांगायला आलेला असतो. ही दार उघडते, त्याचं तोंड बघते, आणि तिला कळतं. पण ती विचारत नाही. आत जाते. गॅस बंद करते. भांड्यावर झाकण ठेवते. हात कोरडे असून पुसते. मग परत दारात येते आणि म्हणते, "हं. सांगा."

सून म्हणाली, "गॅस बंद करायचं कागदावर नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

हे मला साक्षीदारांसमोर सांगायचं नव्हतं. मालक गेले त्या सकाळी त्यांच्या कारखान्यातला माणूस दुकानात आला. त्याचं तोंड बघून मला कळलं. मी आधी इस्त्री उभी केली. हातातल्या शर्टाची घडी पुरी केली, बटण लावलं, शर्ट ढिगावर ठेवला. मग त्याला म्हटलं, "बोला." त्यावरून लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. वर्षानुवर्षं म्हणत राहिले. सून तेव्हा नवी होती, याच दारात उभी होती. तिने ते पाहिलं, तेरा वर्षं जपलं आणि पडद्यावर असं मांडलं की बघणाऱ्या एकालाही दगड दिसला नाही. शिंप्याची आई तर पदराआडून रडत होती. माझ्या बाजूने पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं, आणि मी म्हटलं, अंगावर बसत नाही.

मी ओळखलं होतं. लगेच ओळखलं होतं.

म्हणून आता, शुद्धीत आणि दोन साक्षीदारांसमोर, माझं मत: त्या अख्ख्या मालिकेत तेवढंच एक काम खरं होतं. ते तिने केलं. पाठांतर तिचं उत्तम आहे.

सून दारातून आत आली. मग दस्तलेखकांना म्हणाली, "याची प्रत मला द्या."

ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्राची प्रत आजींच्या पश्चात मिळते."

"सगळी नको. हे कलम द्या. आजच. त्या जाईपर्यंत थांबणार नाही मी."

दस्तलेखकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सातवं कलम त्यांनी दुसऱ्या कागदावर उतरवून दिलं. तिने ते तिथेच उभ्याने वाचलं, सावकाश, दोनदा, आणि तो कागद घेऊन बाहेर गेली. टेबलाकडे नाही, रस्त्याकडे. अजून आलेली नाही. माफीबद्दल ती काही बोललेली नाही, आणि बोलली असं या कागदात कुणी मागाहून घालू नये.

हे मृत्युपत्र मला शब्दन् शब्द वाचून दाखवले. ते मला समजले. कलम चौथं सोडून बाकी सर्व खरे आहे.

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा (इस्त्रीने रेषा झिजल्यामुळे तीनदा उठवला)

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी, सही

साक्षीदार दुसऱ्या: तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई, सही

लिहिणार: दस्तलेखक, सही

ठिकाण: दुकानाची मागची खोली, मधलं दार उघडं

दिनांक: चालू महिन्याची नऊ तारीख, गुरुवार, दुपारचे सव्वाचार